लेखक व्हायला किती पैसे लागतात?

सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीनं मला एका जाहिरातीचा फोटो पाठवला. सहा आठवडे, ऑनलाइन, ‘प्रमाणपत्रासह लेखक व्हा’, फी 24,999 रुपये. खाली लाल अक्षरांत : आज रात्री बारापर्यंत भरल्यास फक्त 9,999. सोबत तिचा प्रश्न होता, ‘मावशी, हे करू, की बी.एस्सी. झाल्यावर एम.ए. मराठी करू? लेखकाला शिक्षण लागतंच का गं?’

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी बहिणाबाईंचं उदाहरण दिलं. हे उदाहरण बहुतेक वेळा पैसे वाचवायलाच दिलं जातं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. पण त्यांच्या ओव्या कागदावर उतरवून घेणारा मुलगा, सोपानदेव, स्वतः कवी होता. बाई 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे लेखनिक घरातला आणि प्रस्तावनेला अत्रे, आणि दोघंही फुकट. अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले, हेही सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी सांगत नाही. मुंबईची कामगार चळवळ, 1944 चं लाल बावटा कलापथक, सोबतीला अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. समोर बसलेल्या गर्दीला काय भिडलं आणि काय पडलं, ते त्याच रात्री कळायचं. ‘फकिरा’ ही कादंबरी आली 1959 मध्ये, म्हणजे या शाळेत बरीच वर्षं काढल्यावर. नारायण सुर्व्यांनी तर 1966 मधल्या कवितासंग्रहाचं नावच ‘माझे विद्यापीठ’ ठेवलं.

तेव्हा भाचीला मी कळवलं की शिक्षण लागतं. ते कुठे आणि कितीला मिळतं, एवढंच बघायचं.

एम.ए. : फी कमी, मेस जास्त

अनुदानित महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात एम.ए. मराठीची वर्षाची फी काही हजारांत भागते. खर्च होतो तो राहण्या-जेवण्याचा. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला नऊ हजार धरले, तर दोन वर्षांतल्या वीस महिन्यांचे 1,80,000 होतात. घरी राहून जिल्ह्याच्या गावी किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकलं तर ही रक्कम वाचते.

बदल्यात काय मिळतं? ज्ञानेश्वरी ते नेमाडे असं सलग वाचन, भाषाविज्ञानाची तोंडओळख, आणि आपल्यासारखीच वेडी चार माणसं. मला विचाराल तर ही चार माणसं सगळ्यांत मोलाची. कथा कशी लिहावी हे मात्र तिथे फारसं शिकवत नाहीत. लिहिलेल्या कथेबद्दल कसं बोलावं, हे शिकवतात. शिवाय प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण (राखीव प्रवर्गांना 50) आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. यांपैकी एक लागतंच. लेखनावर घर चालवणारे मराठी लेखक बोटांवर मोजण्याइतके आहेत. म्हणून पोटापाण्यासाठी एम.ए. करायचं तर जरूर करावं. तेही नको असेल तर बी.एस्सी.वाल्या मुलीनं बी.एस्सी.च धड करावं. प्रयोगशाळेत काय घडतं हे आतून ठाऊक असलेले कथालेखक आपल्याकडे तसेही कमी आहेत.

शिबिर

साहित्यसंस्थांची एक-दोन दिवसांची शिबिरं हजार-दोन हजारांत होतात, कधी फुकटही. खासगी वर्गांना कमाल मर्यादा नाही. मी स्वतः एकदा साडेसहा हजार भरून दोन दिवस एका थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. जेवण उत्तम होतं. चाळीसजण होतो. माझी कथा कुणी वाचली नाही, माझंच नव्हे, कुणाचंच लिखाण वाचलं गेलं नाही. शेवटी सगळ्यांचा एक फोटो आणि प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र आजवर एकाही संपादकानं मागितलेलं नाही.

तेव्हापासून फी भरण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. वर्गात किती जण? माझं लिखाण कोण वाचणार आणि किती पानं? लेखी अभिप्राय मिळणार का? तिसऱ्या प्रश्नाला ‘चर्चा होईल’ असं उत्तर आलं की मी फोन ठेवते.

ज्यावर खर्च करावा ते

मराठीत कथा-कविता लिहायला शिकवण्याचं काम बरीच वर्षं मासिकांच्या कचेऱ्यांत झालं. ‘सत्यकथा’त संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून गेलेलं लिखाण हा त्या काळच्या लेखकांचा अभ्यासक्रमच होता. ‘साभार परत’ आलं तरी ते कुठल्या नजरेखालून आलंय, याला किंमत होती. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झाली. दिवाळी अंक 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालू आहेत, आजही नव्यांना तेच दार सगळ्यांत सोपं आहे. पण अंक काढणारा माणूस जाहिराती गोळा करण्यात इतका बुडालेला असतो, की पानावर पेन्सिल फिरवायला त्याला वेळ नसतो. जे पूर्वी टपालखर्चात मिळायचं, ते आता विकत घ्यावं लागतं.

म्हणून हातात दोन हजार असतील तर ते संपादनाला द्यावेत. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संपादकांचे दर माणसागणिक बदलतात. मला सांगितले गेलेले भाव शब्दाला पन्नास पैशांपासून दोन रुपयांपर्यंत होते. पन्नास पैसे धरले तर अडीच हजार शब्दांच्या कथेचे 1,250 होतात. मुद्रितशोधन आणि संपादन यांत गल्लत करू नये. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं म्हणजे मुद्रितशोधन. ते पहिल्या कथेला विकत घ्यायची गरज नाही. साहित्य महामंडळाचे अठरा नियम आणि अरुण फडके यांच्या लेखन-कोशासारखं एखादं पुस्तक जवळ असलं की झालं. संपादक मात्र सांगतो की तिसऱ्या पानावर येणारा काका पहिल्याच पानावर यायला हवा होता. पूर्ण हस्तलिखित देण्याआधी एका कथेवर काम करून घ्यावं आणि दुरुस्त्या वाचून बघाव्यात. सगळ्या पटल्या तर संपादक भिडस्त आहे, एकही पटली नाही तर आपण हट्टी आहोत, किंवा माणूस चुकलाय.

पुस्तकाचं पॅकेज

शिकण्यापेक्षा घाईनं छापण्यात जास्त पैसे जातात. एका परिचिताला मिळालेलं दरपत्रक माझ्याकडे आहे : 160 पानं, म्हणजे दहा फर्मे, 300 प्रती, एकूण 65,000 रुपये. छापील किंमत 250. आता सगळ्या 300 प्रती खपल्या असं समजू (खपत नाहीत). 75,000 रुपये होतात. वितरक आणि दुकानदार मिळून निम्मं कमिशन घेतात, असं धरलं तर हातात 37,500. म्हणजे शेवटची प्रत विकल्यावरही 27,500 खिशातून गेलेले.

त्याच दरपत्रकात ‘आयएसबीएन : 3,000’ अशी ओळ आहे. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी विनामूल्य देते, लेखकाला स्वतःच्या नावानंही अर्ज करता येतो. दुसरी ओळ ‘कॉपीराइट नोंदणी : 5,000’. साहित्यकृतीची सरकारी नोंदणी फी 500 रुपये आहे आणि नोंदणी सक्तीची नाहीच. लिहिलं की हक्क तयार होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. करारात ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले तर तिथे थांबावं. कायद्यानं हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं धरलं जातं. मुदतीची जागा भरून देण्याची घाई लेखकानं करू नये. पैसे घेऊन काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

उलट्या दिशेनं पैसे येण्याच्याही वाटा आहेत, त्या जाहिरातीत दिसत नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देतं. हस्तलिखितं साधारण जानेवारीत मागवतात, तेव्हा डिसेंबरपासून लक्ष ठेवावं. राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत चालणारी पीएम-युवा योजना तिशीच्या आतल्यांसाठी आहे. निवड झाल्यास सहा महिने दरमहा 50,000 रुपये शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक मिळतो. मराठीत लिहिलेलं चालतं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 50,000 रुपयांचा, वयाची अट 35. या तिन्हींना साहित्याची पदवी लागत नाही.

भाचीला मी पहिल्या वर्षाचा हिशेब वहीच्या पानावर लिहून पाठवला. वाचनालयाची वर्गणी 1,500, जुन्या पुस्तकांना 2,000, पाच दिवाळी अंक 1,500, तीन प्रश्नांना नीट उत्तरं देणारं एखादं शिबिर 2,500, दोन कथांचं संपादन 2,500. विश्वकोश आणि साहित्य-संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यापुढे शून्य. बेरीज दहा हजार. तिचं लगेच उत्तर आलं, की जाहिरातीपेक्षा हे एक रुपयानं महाग पडतंय.

मग तिनं कथा पाठवली. बावीस पानं आहेत. चौदा होतील.