काळ्या दगडाचा हिशोब

लाईट गेली की आख्खं हॉस्टेल गॅलरीत येऊन ओरडतं. पण लाईट असते तेव्हा ती येते कशातून, याचा विचार आपण कधी करतो का? देशातली बहुतांश वीज कोळशावर तयार होते आणि देशातला सुमारे तीन चतुर्थांश कोळसा एकटी 'कोल इंडिया' काढते. आपल्यातल्या वणी, बल्लारपूर, उमरेडच्या मुलांना हे सांगायला नको. त्यांच्या गावाशेजारी खाणी असलेली नागपूरची 'डब्ल्यूसीएल' ही कोल इंडियाचीच सबसिडियरी, म्हणजे लेकच!

भारतात कोळसा काढायला सुरुवात झाली १७७४ साली, बंगालमधल्या राणीगंजला. पुढची जवळपास दोनशे वर्षे बहुतेक खाणी खाजगी मालकांच्या. सोपा कोळसा ओरबाडायचा, अवघड तसाच सोडायचा, सेफ्टीवर खर्च नाही. झरियाला १९१६ साली दिसलेली आग अजून पूर्ण विझलेली नाही! शेवटी सरकारने १९७२ मध्ये पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या आणि १ मे १९७३ ला बाकीच्या खाणी ताब्यात घेतल्या. (काही पोलाद कंपन्यांच्या स्वतःच्या खाणी वगळल्या.) १ नोव्हेंबर १९७५ ला कोल इंडिया स्थापन झाली.

आता आकडे बघा. पहिल्या वर्षी उत्पादन ७.९ कोटी टन, २०२४-२५ मध्ये ७८ कोटी टन. जवळजवळ दहापट! आणि कामगार? तेव्हा सहा लाखांहून जास्त, आज सव्वादोन लाखांच्या आसपास. मला तरी हे उलटं गणित वाचून धक्काच बसला.

ते जमलं ओपनकास्टमुळे. अंडरग्राऊंड खाणीत छत धरून ठेवायला कोळशाचेच खांब सोडावे लागतात, त्यामुळे बराच माल आतच राहतो. ओपनकास्टमध्ये वरची जमीनच उचलायची. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, मग शॉवेल आणि डंपर. या वरच्या दगडमातीला खाणीत 'ओबी' म्हणतात. एक टन कोळशामागे सरासरी अडीच घनमीटर ओबी काढावी लागते, म्हणजे वजनात पाच टनांच्या आसपास! आपल्या विदर्भात हे प्रमाण आणखी जास्त. चंद्रपूर-वणीकडे सपाट रानात अचानक दिसतात ते डोंगर याच ओबीचे. आता नागपूरजवळ गोंडेगावला तिच्यातून वाळू वेगळी काढतात, ही आयडिया मला फार आवडली.

२०१० साली सरकारने कंपनीचे १० टक्के शेअर विकून सुमारे १५,००० कोटी रुपये उभे केले, तेव्हा पेपरात तीच बातमी. पण खरा प्रश्न शेअरचा नाही, जमिनीचा आहे. ओपनकास्टला जमीन भरपूर लागते आणि माणसं कमी. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशोब आहे. कमी जमीनवाले एकत्र येऊन दोन एकर भरवू शकतात, पण नोकरी त्यातल्या एकालाच. मग घरात तीन भाऊ असतील तर ती कोणाच्या नावावर लिहायची, हे त्या घरानेच ठरवायचं.