शेजारच्या घरी डबा काय द्यावा?

प्रश्न : आमच्या मजल्यावरच्या काकांना हृदयविकाराचा झटका आला. काकू आणि मुलगा दिवसभर रुग्णालयात असतात. आम्ही चार घरांनी डबा द्यायचं ठरवलंय. काय द्यावं?

उत्तर : डबा काकू आणि मुलासाठीच करा. काकांचं मीठ-तेल आहारतज्ज्ञ ठरवतात. त्यांना विचारल्याशिवाय घरचं काही नको, अगदी मऊ भातसुद्धा. काकूंना ‘काय आणू?’ विचारलंत तर ‘काही नको गं’ एवढंच ऐकू येईल. मुलाला गाठा : मधुमेह, उपास, कांदा-लसूण चालतं का?

जेवायची वेळ हमखास टळते, म्हणून टिकणारं द्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, मेथीचे पराठे, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. पोळ्या गार करून मगच डब्यात भरा, नाहीतर वाफेने ओल्या होतात. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात नकोच. भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर तोही टाळा. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. पिठलं-भात रात्री ते घरी परतल्यावर गरम द्या.

वार वाटून घ्या, नाहीतर चारही घरांतून बटाट्याची भाजी जाईल! पदार्थ माणशी एकदाच पुरेल इतका; उरलेलं सांभाळायला त्यांना सवड नाही. डब्यावर तुमचं नाव चिकटवा आणि रिकामा डबा तुम्हीच जाऊन आणा. त्या वेळी गप्पा मारत बसू नका.