जपानमध्ये इंग्रजीची शिकवणी: कोण शिकतं, दिवस कसा जातो, भागतं का?

प्रश्न: माझा मुलगा टोकियोच्या निशिकासाई भागात राहतो, आयटी कंपनीत नोकरीला आहे. सूनबाई लग्नाआधी सांगलीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवायची. तिकडे गेल्यापासून घरीच आहे. आता शेजारच्या एक जपानी बाई तिला ‘मला इंग्रजी शिकवाल का?’ म्हणून विचारतायत. ज्या देशात सगळी मुलं शाळेत इंग्रजी शिकतात, तिथे मोठ्या माणसांना शिकवणी कशाला लागते? भारतीय बाईकडून ते शिकतील का? आणि अशी शिकवणी करणाऱ्याचा दिवस कसा जातो, त्यावर घर चालतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकीची उत्तरं त्यातून निघतात. जपानी मुलं माध्यमिकची तीन आणि उच्च माध्यमिकची तीन अशी सहा वर्षं इंग्रजी शिकतात. २०२० पासून तिसरी-चौथीत इंग्रजीची तोंडओळख होते आणि पाचवी-सहावीत तो रीतसर विषय आहे. पण अभ्यासाची दिशा ठरवते ती प्रवेश परीक्षा. विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी आली ती २००६ मध्ये. आज तिथे वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण आहेत, बोलण्याला एकही नाही. बोलणं तपासण्यासाठी बाहेरच्या संस्थांच्या चाचण्या वापरायचा सरकारचा बेत होता. तो नोव्हेंबर २०१९ मध्ये लांबणीवर पडला आणि पुढे सोडूनच देण्यात आला. त्यामुळे व्याकरण पक्कं, शब्द भरपूर, पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की वाक्य ओठांवर येत नाही, अशी लाखो शिकलेल्या माणसांची अवस्था आहे. खाजगी शिकवणी ही उणीव भरून काढते.

ही गरज आजची नाही. १८४८ साली, जपानची दारं परदेशी लोकांना बंद असताना, रॅनल्ड मॅक्डोनल्ड नावाचा तरुण मुद्दाम एका छोट्या होडीतून जपानच्या उत्तरेकडच्या रिशिरी बेटावर उतरला. वडील स्कॉटिश, आई अमेरिकेतल्या चिनूक या मूळनिवासी जमातीची. त्याला पकडून नागासाकीला नेलं आणि कैदेत ठेवलं. तिथे सरकारी दुभाष्यांपैकी चौदाजण त्याच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागले. ते एकेक करून त्याच्यापुढे इंग्रजी वाचत आणि तो उच्चार सुधारत असे. पुस्तकातलं इंग्रजी त्यांना थोडंफार येत होतं. हवा होता तो ऐकणारा आणि दुरुस्त करणारा जिवंत माणूस. त्यांच्यातला मोरियामा एइनोसुके पुढे १८५४ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाष्या होता. जपानमधल्या इंग्रजी शिकवणीचा इतिहास सांगताना मॅक्डोनल्डचं नाव आधी घेतात, ते यासाठी.

आता दिवसाकडे येऊ. खाजगी शिक्षकाचा दिवस विद्यार्थ्यांच्या सवडीने कापला जातो. मुलं शाळेत आणि नवरे कचेरीत गेले की साधारण दहाच्या सुमारास गृहिणी आणि निवृत्त मंडळी मोकळी होतात. कुणाच्या नवऱ्याची परदेशी बदली व्हायची असते, कुणाला पर्यटकांना आपलं गाव दाखवायचं असतं, कुणाला परदेशी जावयाशी बोलायचं असतं. दुपार बहुधा रिकामी जाते. चारनंतर प्राथमिक शाळेतली मुलं येतात. त्याहून मोठी मुलं ‘बुकात्सु’त, म्हणजे शाळेतल्या खेळ-कलांच्या मंडळांत अडकलेली असतात आणि तिथून ‘जुकु’ या खाजगी क्लासला जातात. त्यांची वेळ मिळणं कठीण. सातनंतर नोकरदारांची पाळी. त्यांच्या डोक्यात ‘टोइक’ परीक्षा असते: दोन तास, दोनशे प्रश्न, जास्तीत जास्त गुण ९९०. बऱ्याच कंपन्या बढतीच्या किंवा परदेशी नेमणुकीच्या वेळी हे गुण पाहतात. शनिवार सगळ्यांत गर्दीचा. म्हणजे लोकांच्या सुटीच्या वेळा याच शिक्षकाच्या कामाच्या वेळा, आणि दोन शिकवण्यांच्या मध्ये लोकल, सायकल आणि वाट पाहणं.

शिकवणीची जागाही ठरलेली नसते. कुणी घरी बोलावतं, कुणाला कॉफी शॉपमधलं कोपऱ्यातलं टेबल बरं वाटतं, आणि चार-पाच जणांचा गट असेल तर ‘कोमिनकान’ या सार्वजनिक केंद्रातली खोली अगदी थोड्या भाड्यात मिळते. घरी जायचं तर ठरल्या मिनिटाला जायचं. उशीर चालत नाहीच, पण पंधरा मिनिटं आधी बेल वाजवणंही यजमानाला अडचणीत टाकतं. फी महिन्याची आणि आगाऊ असते, तिला ‘गेश्शा’ म्हणतात. ती कोऱ्या नोटांत, पाकिटात घालून दोन्ही हातांनी दिली जाते. काही घरांत बारा महिन्यांच्या चौकटी छापलेलं पाकीट असतं. शिक्षकाने पैसे काढून घ्यायचे, त्या महिन्याच्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पाकीट परत करायचं. हा सगळा उपचार मनापासून पाळावा. त्यात शिक्षकाचा मान आहे.

प्रत्यक्ष तासात सगळ्यांत अवघड असते ती शांतता. प्रश्न विचारला की जपानी विद्यार्थी मनात वाक्य जुळवतो, तपासतो, पुन्हा तपासतो. आपल्याकडच्या शिक्षकाला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तिथे थांबायला शिकावं लागतं. चुकण्याची लाज खोलवर असते, कित्येकजण तर बोलण्याआधीच माफी मागतात. अशा माणसाला ‘तुमचं मत काय?’ असं विचारण्यापेक्षा ‘रविवारी घरी होतात की बाहेर?’ असं विचारलं की वाट मोकळी होते. वाक्य अर्ध्यात तोडून दुरुस्ती करू नये; चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी त्यातल्या दोनच सांगाव्यात. एका वयस्क माणसाने दुसऱ्यासमोर न घाबरता तासभर इंग्रजी बोलणं, एवढं साधलं तरी ती शिकवणी यशस्वी झाली असं मी मानते. व्याकरणाची पुस्तकं त्यांच्या घरी आधीच असतात.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या आईवडिलांना बहुधा ‘एइकेन’ हवी असते. १९६३ पासून चालत आलेली ही परीक्षा पाचवीपासून पहिलीपर्यंत चढत्या श्रेणींची आहे. तिसऱ्या श्रेणीपासून तोंडी मुलाखत असते, आणि नेमकी तिच्यासाठी खाजगी शिक्षक शोधला जातो. खोलीत शिरताना काय म्हणायचं, कार्डावरचा उतारा कसा वाचायचा, चित्र पाहून काय सांगायचं, याची पुन्हा पुन्हा उजळणी करून घ्यावी लागते.

भारतीय बाईकडून शिकतील का? भाषाशाळांच्या जाहिरातींत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या शिक्षकांना पसंती दिसते, हे खरं आहे. पण खाजगी शिकवणी ओळखीतून मिळते, आणि तिथे माणूस पाहिला जातो. ऑनलाइन वर्गांत फिलिपिन्समधल्या शिक्षकांकडे असंख्य जपानी लोक आनंदाने शिकतात. शिवाय निशिकासाई ज्या एदोगावा वॉर्डात आहे, तिथे भारतीय शेजार नवा नाही. २०१९ मध्ये तिथल्या वॉर्ड सभेवर योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रातून गेलेले गृहस्थ निवडून आले. सूनबाईंचं मोठं बळ म्हणजे इंग्रजी ही त्यांनीही कष्टाने शिकलेली भाषा आहे. कुठे अडतं, हे जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा त्यांना लवकर कळेल. उच्चारांकडे मात्र स्वतःही लक्ष द्यायला हवं: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मधला फरक आपण मराठी माणसं सहज पुसून टाकतो. जपानी विद्यार्थ्याला ‘एल’ आणि ‘आर’ वेगळे काढणं कठीण जातं, तिथे आपले ल आणि र कामी येतात.

राहिला पैशाचा प्रश्न. टोकियोत तासाला साधारण तीन ते पाच हजार येन मिळू शकतात. समजा तीन हजार धरले आणि आठवड्याला पंधरा तास शिकवलं, तर महिन्याला एक लाख ऐंशी हजार येन होतात. एकट्या माणसाने त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा, महिन्याला सतरा हजार येनच्या घरातलं राष्ट्रीय पेन्शन आणि गेल्या वर्षीच्या कमाईवर लागणारा रहिवासी कर भरला, तर हाती फार उरत नाही. मे महिन्यातली सुटी, ऑगस्टमधला ओबोनचा सण आणि नववर्ष या काळात तास बुडतात. मार्चअखेर बदल्या झाल्या की विद्यार्थीही जातात. म्हणून फक्त खाजगी शिकवणीवर राहणारे थोडे, बहुतेकजण शाळेची किंवा कंपनीतल्या वर्गांची जोड देतात. सूनबाईंच्या बाबतीत ही संसाराला चांगली जोड होईल. त्यांचं वर्षाचं उत्पन्न १३ लाख येनच्या आत राहिलं, तर नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात आणि पेन्शनमध्ये त्या आश्रित म्हणून राहू शकतात. तीन हजारांच्या दराने आठवड्याला आठ तास शिकवलं तर वर्षाला साडेअकरा लाखांच्या आसपास होतात. तेवढ्याने सुरुवात करणं शहाणपणाचं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून राहणाऱ्याला परवानगीशिवाय कमाई करता येत नाही, शेजारणीकडून घेतलेली फीसुद्धा नाही. परवानगी मिळाली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पण ही सरसकट परवानगी कुणाकडे तरी तासांवर नोकरी करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेली आहे. स्वतःच्या शिकवणीसाठी वेगळा अर्ज लागू शकतो, तेव्हा काय करायचं आहे ते इमिग्रेशन कार्यालयात स्पष्ट सांगून विचारावं. मिळकतीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. कराचं विवरणपत्र १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात भरायचं असतं. बुडालेल्या तासाचे पैसे परत मिळणार की तास भरून देणार, हेही शेजारणीशी आधीच ठरवून कागदावर लिहावं. जपानी माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट बरं वाटतं. त्या बाईंना तोवर एवढंच सांगावं की परवानगी आली की सुरू करू, त्या थांबतील. आणि ती हाती आली की सूनबाईंना निःशंक मनाने शिकवू द्या. त्यांच्याजवळ जे आहे, त्याची तिथे खरोखर गरज आहे.