विकिपीडियाखालची पुस्तके संदर्भ म्हणून चालतील?

प्रश्न : बी.ए.साठी सत्यशोधक समाजावर प्रकल्प करते आहे. विकिपीडियाचा संदर्भ चालणार नाही, असे सर म्हणतात. मग त्या लेखाखाली दिलेली पुस्तकेच माझ्या संदर्भसूचीत लिहिली तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : विकिपीडिया वाचण्याला कोणाची हरकत नसते. त्याचा मजकूर कोणीही, केव्हाही बदलू शकतो, म्हणून तो पुरावा धरला जात नाही, इतकेच. मात्र न वाचलेले पुस्तक सूचीत घालणे ही त्याहून मोठी चूक. तोंडी परीक्षेत ती हमखास उघडी पडते. लेखाखालची यादी शोधाला वाट दाखवते. त्यातले पुस्तक मिळवून संबंधित पान वाचले, की संदर्भ त्या पुस्तकाचा. ते हाती आलेच नाही, तर ज्या ग्रंथात उल्लेख वाचला त्याचेच नाव द्यावे.

या विषयाला मूळ साधन उपलब्ध आहे : 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'. आवृत्तीनुसार पृष्ठांक बदलतात, म्हणून आवृत्ती व वर्ष नोंदवणे आवश्यक. मराठी विश्वकोशातील नोंदी ऑनलाइन असून त्यांखाली सहसा लेखकाचे नाव असते. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मोफत वाचता येतात. त्यांचा दर्जा सारखा नसतो, पण ग्रंथसूची उपयोगी पडते.

ऑनलाइन मजकुरासाठी लेखक, शीर्षक, संकेतस्थळ, दुवा आणि पाहिल्याची तारीख लिहावी. एआय चॅटबॉटने सुचवलेले पुस्तक मात्र आधी ग्रंथालयाच्या सूचीत शोधावे. अस्तित्वात नसलेली शीर्षकेही तो बेधडक देतो.