भाऊसाहेब, आजच पाहिजे!

तलाठ्याची नोकरी करता करता केस पिकले. हुद्दा आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालाय, पण गावात हाक अजून 'भाऊसाहेब'च. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे सज्यातल्या माणसांनीच हळूहळू शिकवलं.

1. माझं काम झाल्यावर ज्याची मुदत सुरू होते, ते काम आधी. वारस नोंदीचा फेरफार घालायला फार वेळ लागत नाही. पण त्यानंतर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे नोटीस निघते, हरकतीचे 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ते 15 दिवस मला कमी करता येत नाहीत. ते आज सुरू होतील की पुढच्या सोमवारी, एवढंच माझ्या हातात. अर्ज आठवडाभर कपाटात पडला तरी माझं काम तेवढंच राहतं. त्या घराचं पीककर्ज मात्र आठवडाभर पुढे जातं. आणि ही माणसं आरडाओरडाही करत नाहीत. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं.

2. वरून आलेलं सगळंच घाईचं नसतं. तालुक्याच्या ग्रुपवर 'अतितात्काळ' असा निरोप पडला, की समोरच्याला थांबवून मी तक्ता भरायला बसायचो. बऱ्याचदा अहवाल निरंक! पण खरं सांगू? तक्ता भरायला मला आवडायचं. तो भांडत नाही, पूर्ण होतो, पाठवला की साहेबांचा अंगठा येतो. बांधावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांसमोर बसण्यात असं सुख कुठलं? हे काम निकडीचं म्हणून करतोय की सोपं म्हणून, असं अजूनही स्वतःला विचारतो. उत्तर दरवेळी आवडतंच असं नाही.

3. 'कधी पाहिजे?' असं विचारण्यात अर्थ नाही. उत्तर ठरलेलं: "आजच, भाऊसाहेब." त्यापेक्षा 'कुठं द्यायचाय?' विचारावं. जूनमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी झुंबड उडते. टेबलावर दोन्ही हात रोवून उभ्या गृहस्थांना तो कुठेच द्यायचा नसतो, "असू द्या घरात, लागतो कधीतरी." रांगेच्या शेवटी गप्प उभ्या मुलीच्या प्रवेशाची मुदत मात्र उद्या संपणार असते.

4. पंचनाम्याला उद्या नसतो. गारपिटीनंतर शेतकरी किती दिवस थांबेल? पीक मोडून रान मोकळं करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. नांगरल्या रानात नुकसान कुठं दिसणार? त्या दिवसांत कार्यालयाला कुलूप आणि मला शिव्या. कुठल्या शिवारात आहे ते दारावर खडूने लिहून जातो. मग लोक दाखल्यांचे अर्ज घेऊन तिथेच येतात, ते वेगळं.

5. वाचलेला वेळ हातात पडेलच असं नाही. 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली. शेतकरी मोबाइलवर स्वतःच पीक नोंदवणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात मोकळाही झालो होतो. पण ज्यांना ते जमेना, ते मोबाइल घेऊन माझ्याकडेच. हे माझं काम नव्हे, म्हणून आधी चिडचिड व्हायची. मग त्यांच्याबरोबर बांधावर उभं राहून फोटो काढून देताना एकेक गोष्ट कळत गेली: कुणाच्या घरात वाटण्या तोंडीच झाल्यात, कुणाची विहीर कागदावर आलेलीच नाही. टेबलापलीकडून हे कुणी सांगितलं नव्हतं. हा वेळ कुठल्या कामात धरायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दैनंदिनीत 'क्षेत्रीय भेट' असं लिहून मोकळा होतो.