जुनें खेळयंत्र कोण घेतो?

बालमित्रहो, दूरचित्रवाणीस जोडून खेळ खेळण्याचें जें यंत्र, त्यास गेम कन्सोल म्हणतात. नव्या कन्सोलवर जुन्याच्या तबकड्या चालत असल्या, तर त्या गुणास ‘बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी’ असें नांव आहे. आपण त्यास ‘पूर्वमेळ’ म्हणूं. प्रश्न असा, कीं नव्या यंत्रांत पूर्वमेळ असल्यास जुनें यंत्र कोण विकत घेईल? कोणीहि नाहीं, असें उत्तर प्रथम सुचतें. परंतु अनुभव निराळा आहे.

जपानच्या सोनी कंपनीनें १९९४ सालीं प्लेस्टेशन बाजारांत आणलें. मार्च २००० मध्यें प्लेस्टेशन २ आलें. त्यावर पहिल्याच्या बहुतेक तबकड्या चालत. तरीहि त्याच वर्षीं कंपनीनें जुन्या यंत्राची लहान आवृत्ति काढली, आणि तें यंत्र २००६ पर्यंत तयार होत राहिलें. एकंदर १० कोटींहून अधिक यंत्रें बाजारांत गेलीं. ह्याचें कारण उघड आहे. ज्यांस नवें परवडत नव्हतें, त्यांनीं स्वस्त जुनें घेतलें. आणि पुढें नवें घेतलें तरी आपल्या तबकड्या वायां जाणार नाहींत, ही खात्री त्यांस पूर्वमेळानेंच दिली.

आतां उलट उदाहरण पाहूं. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्यें आलें. अमेरिकेंत त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. आरंभींच्या यंत्रांत जुन्या यंत्राचे भाग बसविले होते. त्यानें खर्च वाढे. म्हणून २००७ सालच्या स्वस्त आवृत्तींतून प्लेस्टेशन २ चा मेळ काढून टाकला. ज्यांच्या कपाटांत जुन्या तबकड्या होत्या, त्यांस जुनें यंत्र जपून ठेवणें किंवा तें बिघडल्यास पुन्हां जुनेंच घेणें भाग पडलें. २००९ सालीं अमेरिकेंत प्लेस्टेशन २ ची किंमत ९९ डॉलर झाली. भारतांत रचलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळहि त्याच वर्षीं ह्या जुन्या यंत्रासाठींच निघाला. त्याचें उत्पादन २०१३ च्या आरंभापर्यंत बंद झालें. तोंवर १५ कोटींहून अधिक यंत्रें गेलीं होतीं.

तात्पर्य, पूर्वमेळ असो वा नसो, जुन्या यंत्राचा खप त्याच्या स्वस्ताईवर टिकतो. पूर्वमेळानें बदलतो तो गिऱ्हाईकाचा हेतु. मेळ असतां तें पहिली पायरी म्हणून घेतलें जातें. नसतां जुना ठेवा राखण्यासाठीं.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलांस नवें यंत्र घेण्यापूर्वीं घरच्या तबकड्या त्यावर चालतील काय, हें दुकानदारास विचारावें. आणि तें स्वतः पाहिल्यावांचून जुनें यंत्र विकूं नये.