टॉम्किन्सव्हिलचा खेळाडू

ज्या एका गुणामुळें जग आपणांस ओळखतें, तोच एके दिवशीं नाहींसा झाला तर मनुष्यानें काय करावें? हा प्रश्न अमेरिकन ग्रंथकार जॉन रॉबर्ट्स ट्यूनिस यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द किड फ्रॉम टॉम्किन्सव्हिल' या बेसबॉलवरील कादंबरींत मांडिला आहे.

ट्यूनिस यांचा जन्म १८८९ सालीं बोस्टन येथें झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. ते अकालीं वारले. १९११ सालीं हार्वर्डची पदवी घेतल्यावर पुढें ट्यूनिस यांनीं क्रीडावृत्तलेखनाचा व्यवसाय पत्करिला. त्यांची मुलांसाठीं पहिली कादंबरी 'आयर्न ड्यूक' १९३८ सालीं निघाली. १९७५ सालीं त्यांचें निधन झालें.

बेसबॉलमध्यें प्रत्येक पक्षास नऊ गडी असतात. क्रिकेटमध्यें चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो; येथें तो जमिनीस न लागतां थेट फळीकडे येतो. तो फेंकणारा तो पिचर, व फळीवाल्याच्या मागें बसून झेलणारा तो कॅचर. पिचरच्या बाहूवर संघाची मोठी मदार असते, हें ध्यानांत ठेविल्यास कथेंतील दुःख नीट कळेल.

कथानायक रॉय टकर हा कनेक्टिकट प्रांतांतील एका लहान गांवचा, आजीनें वाढविलेला गरीब तरुण. ब्रुक्लिन डॉजर्स संघांत पिचर म्हणून त्याची निवड होते. डेव्ह लेनर्ड हा वयस्क कॅचर त्यास धीर देतो आणि खेळाचें मर्म शिकवितो. रॉय सामन्यामागून सामने जिंकूं लागतो. इतक्यांत विजयाच्या आनंदांत सोबत्यांची स्नानगृहांत दंगामस्ती चालली असतां त्याच्या कोंपरास इजा होते आणि त्याची फेंक कायमची जाते! दोष कोणा शत्रूचा नव्हे, थट्टेचा. तथापि रॉय खेळ सोडीत नाहीं. तो फळी हातीं घेतो, दूरच्या क्षेत्रांत उभें राहण्यास शिकतो आणि नव्या उमेदवाराप्रमाणें पुन्हां प्रारंभ करितो. अखेरीस एक अवघड झेल घेतांना तो भिंतीवर आदळून निश्चेष्ट पडतो, आणि तेथेंच पुस्तक संपतें.

हा शेवट कित्येकांस कठोर वाटेल. परंतु 'उद्योग केला कीं बक्षीस ठेविलेलेंच' असें खोटें आश्वासन लेखक बालवाचकांस देत नाहीं, हीच त्याची थोरवी होय.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्या काळीं प्रमुख संघांत कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन याच ब्रुक्लिन संघांत आले, तेव्हां ती बंदी मोडली. प्रस्तुत कादंबरी या अन्यायाविषयीं मूक आहे. पुढें १९४३ सालच्या 'कीस्टोन किड्स'मध्यें मात्र ट्यूनिस यांनीं एका यहुदी कॅचरचा त्याच्याच सोबत्यांनीं केलेला छळ निर्भीडपणें चित्रित केला.

आपल्या क्रीडांगणावरही जिंकणाऱ्यास खांद्यावर घेणारे पुष्कळ असतात. ज्याचा हात दुखावला, त्याच्याजवळ जाऊन बसणारा डेव्ह लेनर्ड आपणांपैकीं कोण होईल?